रेड वाइनचा दर्जा: कोकणात आधी बाटलीची तब्येत बघा

पुतण्याने नाशिकहून आणलेली महागडी रेड वाइन तुम्हाला आंबट-तुरट लागली, त्यापेक्षा गोव्याची पोर्ट बरी वाटली. आता ती खराब आहे की अशीच असते, हा तुमचा प्रश्न.

पोर्टशी तुलना सोडून द्या. ती गोडच असते. ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या रेडमध्ये द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं, त्यामुळे पहिल्या घोटाला आंबटपणा जाणवणारच. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या साली, बिया आणि ओक लाकडाच्या पिंपातून. तो असणं हा दोष नव्हे. तो कसा आहे ते पाहायचं. काजूचं बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तसं झालं आणि मागे फळाची चवच उरली नाही, तर वाइन कच्ची किंवा साधी. हिरड्यांना जाणवून हळूहळू विरला, तर चांगली.

पण वेंगुर्ल्यात राहून त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा: बाटली होती कुठे? एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत आली आणि मग स्वयंपाकघरातल्या फळीवर उभी राहिली असेल, तर बनवणाऱ्याला दोष देऊ नका. बाटलीला साधारण १२ ते १५ अंश मानवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही आठवडे काढले तरी ती आतून शिजते. खुणा दिसतात. बूच वर सरकलेलं असतं, वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ असतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा: दोन वर्षांच्या वाइनची कड जांभळट-लाल हवी, विटकरी किंवा तपकिरी दिसली तर उष्म्याने म्हातारी झाली. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास आला तर संपलीच. ओल्या पुठ्ठ्याचा वास बहुधा बुचामुळे येतो; पण पावसाळ्यात आपल्या कपाटातला ग्लाससुद्धा कुबट येतो, तेव्हा आधी ग्लास धुऊन पुन्हा हुंगा. तळाला साका दिसला तर घाबरू नका, तो निरुपद्रवी असतो.

दुसरी गोष्ट, ‘रूम टेंपरेचरला प्या’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. १५ ते १८ अंश हवेत, म्हणजे आपल्याकडे फ्रिजमध्ये दीड-दोन तास. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात घुसतं, फार गार केली की तुरटपणाच टोचतो. तुमची तक्रार यातूनही आली असेल.

एवढं झाल्यावर खरा दर्जा. घोट जिभेवर फिरवा. आंबटपणा, तुरटपणा, फळ, अल्कोहोल यांतलं एकच काही पुढे पुढे करतंय का? मग गिळा आणि मनात आकडे मोजा. पाच-सहापर्यंत सगळं संपलं तर रोजची, साधी वाइन. पंधरा-वीसपर्यंत चव टिकली आणि मध्ये बदललीही, तर तुमच्या पुतण्याने पैसे नीट खर्च केलेत.

ग्लासला उतरणाऱ्या रेघांवर जाऊ नका, त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे दिसतात. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातलं, हेही खोटं. आपल्या हवेत मला तेच जास्त भरवशाचं वाटतं. किमतीचं म्हणाल, तर २००८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून अधिक आंधळ्या चाखण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत माहीत नसताना सामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली.

आणि चाखताना ताटात बांगडा नको. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाइनमधल्या लोहामुळे माशासोबत तोंडात हिवसाण चव उठते. तळलेल्या बांगड्याबरोबर उत्तम रेडसुद्धा नापास होईल. कोंबडी-वडे असतील त्या दिवशी उघडा. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा: चांगली वाइन बहुतेक वेळा तशीच राहते किंवा थोडी मऊ होते, सुमार वाइन तेवढ्यात ढेपाळते.