वाचकांचे प्रश्न : दारचं तोरण, नवं आणि माटवी

प्रश्न : दसऱ्याला सकाळी बांधलेल्या तोरणाची आंब्याची पानं संध्याकाळपर्यंत वळतात आणि झेंडू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळा पडतो. दार साडेतीन फुटी आहे. पानं-फुलं किती लागतील? (वाचक, दापोली)

पानं वळतात ती बहुधा कोवळी म्हणून. तांबूस किंवा पोपटी पालवी दिसायला छान असते, पण तिची साल पातळ. दुपारच्या उन्हात तिच्यातलं पाणी भराभर उडून जातं. गडद हिरवं, हाताला जाडसर लागणारं पान घ्या. काजळी धरलेली जून पानंही नकोत, पुसून त्यांना तजेला येत नाही. आदल्या संध्याकाळी डहाळ्या तोडून रात्रभर पाण्यात उभ्या ठेवा. सकाळी पानं सुटी करून ओल्या फडक्याने पुसा आणि तासभर सावलीत पसरा. हा तास चुकवू नका. ताजं टणक पान दुमडलं की मधली शीर कटकन मोडते आणि तिथून ते तपकिरी होत जातं. जरा मऊ पडलेलं पान निमूट वळतं.

आता हिशेब. 42 इंच दार आणि झोलासाठी 4 इंच, म्हणजे 46. दर 2 इंचांना एक पान धरलं तर 23 पानं आणि मधल्या जागांत 22 झेंडू. पाव किलो मध्यम फुलं घेतली की निवडून टाकायलाही उरतात. दोन्ही टोकांना बांधायला फूट-फूटभर धरून दोरी सहा फूट लागेल. देठापासून दीड इंच खाली दोरी पानाच्या पाठीशी धरायची, देठाकडचा भाग तिच्यावरून मागे दुमडायचा आणि माडाच्या हिराचा (झावळीच्या पात्यातल्या काडीचा) दीड इंची तुकडा टाका घातल्यासारखा आत-बाहेर काढायचा. स्टेपलर सोपा खरा, पण खाऱ्या हवेत पिना गंजतात आणि चौकटीवर तांबडे ओघळ येतात. पानाची तुकतुकीत बाजू पुढे. पहिलं पान मध्यावर लावून दोन्हीकडे सरकत गेलात तर तोरण एका अंगाला कलत नाही.

झेंडू काळा पडतो तो पाण्याने. बाजारात फुलांवर पाणी मारलेलं असतं. ते पाकळ्यांच्या तळाशी, हिरव्या बोंडीत साचतं आणि कूज आतून सुरू होते. फुलं घरी आणल्यावर पिशवीत ठेवू नका. वर्तमानपत्रावर उलटी पसरून दोन तास पंख्याखाली ठेवा, मग ओवा. सुई बोंडीतून आडवी काढली की फूल समोर बघतं. तोरण बांधून झाल्यावर ‘ताजं राहावं’ म्हणून पाणी शिंपडायची सवय असेल तर ती मोडा. पानांवर खोबरेल चोळणं आम्हाला पसंत नाही. चकाकी येते, पण रस्त्याची सगळी धूळ तिथेच बसते.

प्रश्न : घरी ‘नवं’ (नव्या पिकाच्या लोंब्यांचा जुडगा) बांधायची पद्धत आहे, पण बांधणारी वडीलधारी मंडळी आता नाहीत. त्यात काय काय घालायचं? (वाचक, देवगड)

प्रत्येक वाडीची रीत थोडी निराळी, कुणी दसऱ्याला बांधतं तर कुणी आश्विन पौर्णिमेला. तेव्हा शेजारच्या घरी आधी विचारा, तुमच्याकडची रीत तीच असण्याचा संभव जास्त. सर्वसाधारणपणे एका नव्याला भाताच्या तीन ते पाच लोंब्या, नाचणीचं एक कणीस, मिळाल्यास वरीचं एक, कुरडूचा एक तुरा, एक झेंडू आणि हे सगळं कवेत घेणारं आंब्याचं पान. लोंब्या हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या घ्या, गरवं भात तेव्हा हिरवंच असतं.

सगळ्या काड्या एका मापाच्या, वीतभर कापा. लोंब्या मागे, नाचणी आणि कुरडू पुढे, पान बाहेरून सैलसर गुंडाळा. केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीने, दोन ठिकाणी बांधा. सोप आधी अर्धा तास भिजवला नाही तर गाठ मारताना तुटतो. घट्ट आवळलेल्या पानाच्या आत दमट राहून नाचणीला बुरशी येते, म्हणून सैल. दार, देव्हारा, तुळस, कणगी, विहिरीचा रहाट, गाडी अशी ठिकाणं आधी मोजून तेवढे जुडगे करा, नाहीतर ऐनवेळी गाडीचं राहून जातं.

वर्षभर ठेवणार असाल तर आठ दिवसांनी झेंडू काढून टाका. कुरडू मुळातच कागदासारखा कोरडा, तो वाळला तरी आकार सोडत नाही.

प्रश्न : भाताच्या लोंब्यांचं गोल चक्र करून दाराला लावलं. दोन महिन्यांत जुड्या सैल झाल्या, मग बारीक पतंग उडू लागले आणि उरलेलं पाखरांनी संपवलं. (वाचक, अलिबाग)

तीन वेगळी कारणं आहेत.

जुड्या सैल झाल्या कारण काड्या ओल्या बांधल्या होत्या. वाळताना काडी बारीक होते, गाठ तेवढीच राहते. लोंबीच्या तळाचे चार दाणे हिरवट असतानाच कापा, पूर्ण पिकलं की हात लावताच दाणे गळतात. मुठीएवढ्या जुड्या उलट्या टांगून सावलीत चार-पाच दिवस वाळवा. काडी फारच कडक झाली तर बांधण्यापूर्वी फक्त काडीचा भाग ओल्या गोणपाटात तासभर गुंडाळा, दाण्यांना पाणी लागू देऊ नका.

बांबूची पातळ कामटी भिजवून 10 इंच व्यासाचं कडं करा. त्याचा परीघ साधारण 31 इंच. सात-सात लोंब्यांची एक जुडी, दर 2 इंचांना एक, म्हणजे 16 जुड्या आणि 112 लोंब्या. गळतीसाठी दहा-पंधरा जास्त ठेवा. प्रत्येक जुडीने आधीच्या जुडीच्या काड्या झाकायच्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. बांधायला बारीक सुतळी घ्या. तंगूस (नायलॉनचा दोरा) मजबूत असला तरी वाळक्या काडीवर घसरतो, आणि लोखंडी तार समुद्राकाठी टिकत नाही.

पतंग घरात शिरलेले नाहीत, ते भाताबरोबर आले. धान्यावरचा हा पतंग शेतातच लोंबीवर अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या आत वाढते, म्हणून वरून काही दिसत नाही. वाळवलेल्या लोंब्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार दाण्यांवर दव धरतं. चार-पाच तासांनी उघडा. व्हार्निश मारायचंच तर त्यानंतर, आणि पातळ. ओलसर लोंबीवर मारलेलं व्हार्निश ओल आतच कोंडतं.

पाखरांवर उपाय एकच, चक्र दाराच्या आतल्या बाजूला लावा. ओटीवर राहिलं तर मुनियांची मेजवानी ठरलेली!

प्रश्न : गणपतीच्या माटवीचा (मूर्तीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीचा) नारळ गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी खाली आला. मूर्ती थोडक्यात वाचली. (वाचक, मालवण)

देठाला बांधला असणार. पिकत आलेलं फळ देठापाशी आपोआप सुटतं, मग सुपारीचा घड असो की कवंडळाचं रानफळ. असोला (न सोललेला) नारळ एक-दीड किलोचा भरतो. त्याला सुंभाची उभी-आडवी अशी दोन वेढ्यांची जाळी करून जाळी टांगा. तवसंही (मोठी काकडी) तसंच, पण सुंभ सालीत रुततो म्हणून खाली केळीच्या सोपाची पट्टी द्या. जड वस्तू चौकटीच्या कडांना, वाशाच्या दोरीजवळ. मूर्तीच्या थेट वर फक्त हलकी फुलं-पानं. पाच नारळ आणि बाकी फळं मिळून वजन सहज 12-15 किलो होतं. आदल्या रात्री रिकाम्या चौकटीला 20 लिटर पाण्याची भरलेली बादली टांगून ठेवा. सकाळी दोरी खाली सरकलेली दिसली तर गाठी बदला.

कळलावीची फुलं लावत असाल तर मुलांच्या हाती देऊ नका. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. हात धुऊनच नैवेद्याला लागा.

प्रश्न : आंब्याऐवजी अशोकाची पानं चालतात का? (वाचक, रत्नागिरी)

तोरणाला चालतात. मात्र रस्त्याकडेला दिसणारा उंच, सरळ वाढणारा, नागमोडी कडेच्या पानांचा तो खरा अशोक नव्हे. तांबड्या-नारिंगी फुलांचा सीतेचा अशोक निराळा, आणि तो दुर्मीळ झालाय. त्याच्या डहाळ्या तोरणासाठी तोडू नका.

प्रश्न : प्लास्टिकचं तोरण कायमचं लावलं तर? (वाचक, गुहागर)

लावा. दर महिन्याला धुणार असाल तरच.