अ‍ॅक्युपंक्चर सुरू करण्याआधी

अगं, आयव्हीएफसोबत, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसोबत, अ‍ॅक्युपंक्चर जरूर कर, पण त्यानं गर्भ राहीलच असं धरून चालू नकोस. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांवरचा अभ्यास आला. खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के जणींना मूल झालं, नकली सुयांच्या गटात १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. मला त्याचा उपयोग झाला तो झोप लागायला आणि जिवाची घालमेल कमी व्हायला. त्या दिवसांत तेही थोडं नसतं.

आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर सुया टोचणाऱ्यांना आठवणीनं सांग. सुयांचं पाकीट तुझ्यासमोरच फोडायला हवं. 'हमखास गुण' म्हणत पॅकेज गळ्यात मारणाऱ्यांकडे फिरकू नकोस. आणि ट्रान्स्फरच्या, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडायच्या दिवशी कोथरूडहून खराडीपर्यंत ट्रॅफिकमध्ये सुयांसाठी धावपळ तर मुळीच नको.

दिवस राहिले की सुया टोचणाऱ्यांना लगेच सांग, कारण अंगठा-तर्जनीमधला आणि घोट्याच्या वरचा असे काही बिंदू गरोदरपणात टाळतात. मळमळलं तर मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, मधोमध अंगठ्यानं दाबून बघ. त्याला सुईही लागत नाही. रक्त दिसलं किंवा पोटात कळ आली तर मात्र थेट डॉक्टर गाठ.