ब्रिटनचा संरक्षणमंत्री घरी जातो तो कशावरून?

प्रश्न : नमस्कार सर. ब्रिटनच्या राजकारणाच्या बातम्या मी नियमित वाचतो. तिथे संरक्षण खातं ज्याच्याकडे जातं तो कधी ना कधी भानगडीत सापडतोच असं वाटायला लागलंय, प्रोफ्युमो, लियम फॉक्स, गॅव्हिन विल्यमसन, लिस्ट मोठी आहे. मला एवढंच विचारायचंय की हे लोक नेमकं काय केलं की जातात? आणि खात्याच्या चुकीने सैनिकाचा जीव गेला तर कोण जातं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण आधी पहिला घेऊ, कारण त्याशिवाय दुसरा नीट कळणार नाही.

प्रोफ्युमोचं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं ते क्रिस्टीन कीलर या तरुण मॉडेलमुळे. जुलै १९६१ मध्ये क्लाइव्हडनच्या बंगल्यावर, स्विमिंग पूलजवळ दोघांची भेट झाली, पुढे संबंध आले, आणि त्याच सुमारास सोव्हिएत दूतावासातला नौदल अधिकारी इव्हानोव्ह यालाही ती ओळखत होती, म्हणून हेरगिरीची शंका आली. पण लॉर्ड डेनिंग या न्यायाधीशाने नंतर चौकशी केली तेव्हा निष्कर्ष असा निघाला की लष्करी गुपित काही बाहेर गेलेलं नाही. मग प्रोफ्युमो गेला कशामुळे? २२ मार्च १९६३ ला तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभा राहिला आणि आमच्यात काही गैर झालेलं नाही असं त्याने सभागृहाला सांगितलं. ते खोटं होतं. ५ जूनला त्याने कबूल केलं आणि राजीनामा दिला. तिथल्या संसदेत हीच लक्ष्मणरेषा आहे, सभागृहात जाणूनबुजून खोटं बोललात तर संपलं, हा नियम आज मंत्र्यांच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेला आहे. प्रोफ्युमोने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं पूर्व लंडनच्या टॉयन्बी हॉल या संस्थेत गरिबांसाठी काम केलं, सुरुवात भांडी घासण्यापासून केली. मला त्याच्याबद्दल त्यामुळे आदर वाटतो, चूक कबूल करून परत सत्तेच्या दारात न जाणारी माणसं फार कमी.

फॉक्सचं वेगळं. त्याचा जुना मित्र अ‍ॅडम वेरिटी, फॉक्सच्या लग्नात बेस्ट मॅन होता. त्याच्याकडे सरकारी नोकरी नाही, सुरक्षा तपासणी झालेली नाही, पण खिशात व्हिजिटिंग कार्ड होतं, त्यावर संसदेचं जाळीच्या दरवाजाचं चिन्ह आणि खाली लिहिलेलं, लियम फॉक्सचा सल्लागार. हे कार्ड परदेशात समोरच्याच्या हातात पडलं की त्याने काय समजायचं? फॉक्स संरक्षणमंत्री झाल्यापासून दीड वर्षाच्याही आत वेरिटी फॉक्सच्या १८ परदेश दौऱ्यांत भेटला आणि खुद्द संरक्षण खात्याच्या इमारतीत २२ वेळा आला. फॉक्सने १४ ऑक्टोबर २०११ ला राजीनामा दिला, आणि चारच दिवसांनी कॅबिनेट सेक्रेटरीचा, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या सरकारी अधिकाऱ्याचा, रिपोर्ट आला की आचारसंहिता मोडली होती, मात्र फॉक्सला स्वतःला पैशाचा फायदा झाल्याचं दिसलं नाही.

संरक्षणमंत्री मायकल फॅलन नोव्हेंबर २०१७ मध्ये स्त्रियांशी वागणुकीच्या मुद्द्यावरून गेला. विल्यमसनला पंतप्रधान थेरेसा मेने १ मे २०१९ ला काढलं, कारण राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बंद दाराआडच्या बैठकीत हुवावे या चिनी टेलिकॉम कंपनीबद्दल जे ठरलं ते वर्तमानपत्रात फुटलं आणि संशय त्याच्यावर आला. त्याने शेवटपर्यंत नाकारलं, पोलिसांनीही हा गुन्हा होत नाही म्हणून सांगितलं. आणि बघा, पुढच्या तीन महिन्यांच्या आत बोरिस जॉन्सनने त्याला शिक्षणमंत्री केलं! फॉक्सही २०१६ मध्ये व्यापारमंत्री म्हणून परत आला.

मायकल हेझल्टाइन हा संरक्षणमंत्री तर स्वतःच उठून गेला. ९ जानेवारी १९८६, वेस्टलँड ही हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी अडचणीत होती, पंतप्रधान थॅचरबाईंचा कल अमेरिकन सिकोर्स्कीकडे आणि हेझल्टाइनला युरोपियन कंपन्यांचा गट हवा होता, तो कॅबिनेटची बैठक चालू असताना कागद गोळा करून बाहेर पडला. दोन आठवड्यांनी उद्योगमंत्री लिऑन ब्रिटनलाही जावं लागलं, कारण सरकारी वकिलाचं गोपनीय पत्र त्याच्या खात्यातून फोडलं गेलं होतं.

आता सगळ्यांची कारणं एकत्र ठेवून बघा. खोटं बोलला, मित्र जवळ ठेवला, बातमी फुटली, वागणूक बरी नव्हती, भांडण झालं. यात सैनिक कुठेच नाही.

म्हणून मी तुम्हाला सार्जंट स्टीव्ह रॉबर्ट्सबद्दल सांगतो. रॉयल टँक रेजिमेंटचा टँक कमांडर. मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई झाली तेव्हा सिरॅमिक प्लेटवालं चांगलं चिलखत सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं, म्हणून टँकवाल्यांना सांगितलं की तुमचं काढून पायदळाला द्या. त्याने आपलं चिलखत काही दिवस आधी परत केलं. २४ मार्चला बसऱ्याजवळ अझ झुबैरला एक माणूस त्याच्या अंगावर धावून आला, त्याला थांबवायला मागून आपल्याच टँकवरची मशीनगन चालली आणि गोळी रॉबर्ट्सला लागली. लष्कराच्या स्वतःच्या चौकशीत निघालं की ते चिलखत अंगावर असतं तर तो वाचला असता. बायकोसाठी तो टेपवर आपलं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचा, त्यात त्याने सामान मिळत नाही म्हणून तक्रार केलेली होती.

चिलखत वेळेवर का आलं नाही याचं उत्तर चौकश्यांमधून बाहेर आलं. २००२ च्या शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांत बोलणी चालू होती, सरकार जाहीरपणे म्हणत होतं की युद्धाचा निर्णय झालेला नाही, आणि अशा वेळी कारखान्यांना मोठ्या ऑर्डरी दिल्या तर लोकांना कळणार की तयारी सुरू आहे. म्हणून ऑर्डरी काही आठवडे थांबवून ठेवल्या. त्या वेळचा संरक्षणमंत्री जेफ हून, त्याने २०१० मध्ये इराक युद्धाबद्दलच्या चिलकॉट चौकशीपुढे हे सांगितलं की तयारी उघड करू नका असं त्याला वरून बजावलेलं होतं. डिसेंबर २००६ मध्ये रॉबर्ट्सच्या मृत्यूच्या चौकशीच्या वेळी कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, हा उशीर माफ न करण्यासारखा आहे अशा कडक शब्दांत सुनावलं. तोवर हून ते खातं सोडून गेलेला होता, पण चिलखतावरून नाही, २००५ च्या निवडणुकीनंतर त्याला कॉमन्सच्या नेत्याचं पद मिळालं होतं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, सैनिक गेला तेव्हा कोणीच गेलं नाही.

चिलकॉटचा रिपोर्ट जुलै २०१६ मध्ये आला. पातळ पत्र्याच्या स्नॅच लँडरोव्हर गाड्यांत रस्त्याकडेच्या बॉम्बनी सैनिक मरत होते, आणि रिपोर्टात लिहिलंय की लष्कराला काय कमी पडतंय हे शोधून सांगायचं काम खात्यात नेमकं कोणाचं, हेच स्पष्ट नव्हतं. काम कोणाचं ते ठरलेलंच नाही म्हटल्यावर राजीनामा मागायचा कोणाकडे? मला राग येतो तो इथे. व्हिजिटिंग कार्ड फोटो काढून पेपरात छापता येतं, न दिलेल्या ऑर्डरीचा फोटो कसा काढणार.

प्रश्न : प्रोफ्युमोला कुठे युद्धमंत्री लिहितात, कुठे संरक्षणमंत्री. बरोबर काय?

उत्तर : युद्धमंत्री. १९६४ पर्यंत ब्रिटनमध्ये भूदल, नौदल आणि हवाई दल यांची खाती वेगळी होती, प्रोफ्युमोकडे भूदलाचं, म्हणजे वॉर ऑफिस. संरक्षणमंत्री म्हणून तेव्हा दुसरा माणूस होता, पीटर थॉर्निक्रॉफ्ट. एप्रिल १९६४ मध्ये सगळी खाती एकत्र केली. शिवाय आजही संरक्षणमंत्र्याच्या हाताखाली राज्यमंत्री असतात, शस्त्रखरेदीवाला वेगळा, त्यामुळे बातम्यांत गोंधळ होतो. जोनाथन एटकिन हा शस्त्रखरेदीचा राज्यमंत्री होता, पॅरिसच्या रिट्झ हॉटेलच्या बिलावरून कोर्टात खोटं बोलला म्हणून १९९९ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली, पण त्याला संरक्षणमंत्री म्हणणं चूक.

प्रश्न : चुकीची जबाबदारी घेऊन संरक्षणमंत्र्याने स्वतःहून पद सोडायची तयारी दाखवली असं एकदाही झालं नाही का?

उत्तर : झालं की. २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. आदल्या वर्षी संरक्षणमंत्री जॉन नॉटने नौदलात कपात करताना एन्ड्युरन्स हे तिकडचं गस्ती जहाज परत बोलवायचं ठरवलेलं होतं, आणि अर्जेंटिनाच्या सरकारने त्याचा अर्थ असा घेतला असणार की ब्रिटनला ती बेटं नकोच आहेत. नॉटने राजीनामा देऊ केला, थॅचरबाईंनी घेतला नाही, कारण जहाजं युद्धावर निघत होती आणि अशा वेळी संरक्षणमंत्री बदलणं बरोबर नव्हतं. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन मात्र गेला, आपल्या खात्याला अंदाज आला नाही म्हणून. ते उदाहरण मला सगळ्यात जास्त पटतं.

प्रश्न : अफगाणी लोकांची यादी फुटली ते प्रकरण थोडक्यात सांगाल का? त्यात कोण गेलं?

उत्तर : फेब्रुवारी २०२२. खात्यातल्या एकाने ईमेलला एक्सेल शीट जोडली, त्याला वाटलं दीडशे ओळी आहेत, आत होत्या जवळपास ३३ हजार. ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्या १८,७१४ अफगाण अर्जदारांची माहिती त्यात होती, आणि ब्रिटिश फौजेला मदत केलेल्यांना तालिबानची भीती होतीच. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातला काही भाग फेसबुकवर दिसला तेव्हा खात्याला पत्ता लागला. तेव्हाचा संरक्षणमंत्री बेन वॉलेस पद सोडता सोडता कोर्टात गेला, आणि १ सप्टेंबरला कोर्टाने जी बंदी घातली ती अशी की बंदी आहे हेसुद्धा कोणी सांगायचं नाही. त्याच्यानंतरच्या ग्रँट शॅप्सच्या काळात ती तशीच राहिली. विरोधी पक्षातल्या जॉन हिलीला डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, पण त्याच बंदीत बांधून. मधे एक अख्खी निवडणूक झाली, हजारो अफगाणांना गुपचूप ब्रिटनमध्ये आणलं, सुमारे ४० कोटी पौंड खर्च झाले आणि संसदेत चर्चा नाही.

जीव वाचवायला गुप्तता लागते हे मला मान्य आहे, पहिले काही महिने तर नक्कीच. पण जवळजवळ दोन वर्षं? हिली स्वतः संरक्षणमंत्री झाल्यावर त्याने आढावा घ्यायला लावला, त्यात आलं की नुसतं यादीत नाव आहे म्हणून धोका फार वाढत नाही, मग १५ जुलै २०२५ ला बंदी उठली आणि त्याने कॉमन्समध्ये माफी मागितली. कोण गेलं म्हणाल, तर या यादीवरून कुठल्याच मंत्र्याने पद सोडलेलं नाही. यादीतल्या लोकांना त्याच दिवशी खात्याकडून ईमेल गेले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपलं नाव साडेतीन वर्षांपूर्वी बाहेर गेलंय हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.