उंबरठ्यातला गालिचा आणि १,८०० रुपयांचा हप्ता

खानापूरहून एका शिक्षक ताईंचा प्रश्न आलाय. नवं घर झालं, वास्तुशांत झाली. बेळगावच्या दुकानात त्यांना सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दाराशी टाकायला लोकरीचा टफ्टेड गालिचा आवडला. किंमत २१,६०० रुपये, महिन्याला १,८०० प्रमाणे १२ हप्ते, तेही 'बिनव्याजी'. रोख दिले तर १९,५००. सासूबाईंचं म्हणणं, दारात काथ्याचं पायपुसणं पुरे. घरकर्जाचा हप्ता २२,००० आहे आणि अडीअडचणीला बाजूला ४०,००० आहेत. गालिचा घ्यावा का?

ताई, दारासाठी हा गालिचा घेऊ नका. हप्त्यावर तर नकोच.

रोखीचा भाव १९,५०० आहे, तीच त्या गालिच्याची किंमत. वरचे २,१०० म्हणजे व्याज. १९,५०० वर ते पावणेअकरा टक्के दिसतात. पण तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत जाता, पूर्ण रक्कम वर्षभर तुमच्याकडं राहतच नाही. त्यामुळं खरा दर वर्षाला १९ टक्क्यांच्या वर जातो, तुमच्या घरकर्जापेक्षा कितीतरी जास्त. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

आता त्या गालिच्याकडं बघू. टफ्टेड गालिच्यात गाठी नसतात. ताणलेल्या कापडात लोकर टोचतात, मागून लेटेक्स लावून ती चिकटवतात आणि वर दुसरं कापड डकवतात. कोरड्या खोलीत तो छान राहतो. पण खानापुरात मिरगापासून गणपतीपर्यंत दारात काय असतं, तुम्हाला सांगायला नको. चपला बाहेर काढल्या तरी ओले पाय, तांबडी माती, गळणाऱ्या छत्र्या. सततच्या ओलीनं लेटेक्स सुटतं, खाली भुगा पडतो आणि कुबट वास काही केल्या जात नाही. आमच्या घरी हेच झालं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गालिचा बाहेर काढावा लागला, आणि आवडीनं आणलेली वस्तू टाकताना फार वाईट वाटलं. तुमचाही तीनच वर्षं टिकला तर वर्षाला ७,२०० रुपये पडले.

सासूबाईंचं बरोबर आहे, पण अर्धंच. उंबऱ्याबाहेर काथ्याचं जाड, रबरी तळाचं पायपुसणं हवंच. माती तिथंच खरवडली जाते. ते दाराच्या रुंदीला साजेल एवढं मोठं घ्या, हातभर तुकडा नको. आत सुती सतरंजीच्या दोन लांबट पट्ट्या घ्या. एक वाळत असताना दुसरी अंथरता येते. रंग विटकरी किंवा गडद तपकिरी असू दे, आपल्या मातीचा डाग त्यात दिसत नाही. पट्टीखाली न घसरणारी जाळी घाला. घरात वयस्कर माणूस आहे, तेव्हा हा खर्च मुळीच टाळू नका. पाय सटकून खुबा मोडला तर ४०,००० कुठल्या कुठं जातील. या सगळ्याला चार हजारांच्या आत बसवा, रोख.

तरी सोपा सुंदर दिसावा ही तुमची इच्छा मला उधळपट्टी वाटत नाही. एवढं कर्ज काढून घर बांधलंय, त्यात डोळ्याला सुख देणारं काही हवंच. फक्त ते दारापासून चार पावलं आत, कोरड्यात ठेवा. आणि त्यासाठी हुबळीपलीकडं नवलगुंदचा जमखाना, म्हणजे तिथली नक्षीदार सतरंजी, बघा असं मी सुचवीन. सुती, बायकांनी मागावर हातानं विणलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. त्यावरचे मोर आणि भौमितिक नक्षी तुमच्या सोप्याला शोभेल. मागं चिकटवलेलं काही नसल्यानं ओलीनं सुटण्याची भीती नाही.

ज्या १,८०० चा हप्ता तुम्ही भरणार होता, त्यातले १,३०० दर महिन्याला अडचणीच्या पैशांत टाका. ४०,००० म्हणजे घरकर्जाचे दोन हप्तेसुद्धा नाहीत, मला खरी काळजी त्याची आहे. उरलेल्या ५०० ची बँकेत वर्षाची आरडी, म्हणजे दरमहा पैसे भरायची ठेव, काढा. सहा हजार आणि वर थोडं व्याज होईल, त्यात बसेल तेवढ्या मापाचा जमखाना घ्या.

पट्ट्या आणायला जाण्याआधी दार बंद करून खालची फट मोजा. सतरंजी त्याहून जाड निघाली तर दार रोज अडेल.