'वेरुम'वरचा तो सूर चुकलेला नाही

चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज संगीतकार विल्यम बर्ड याच्या 'आवे वेरुम कॉर्पुस' या लॅटिन प्रार्थनागीतात सुरुवातीलाच एक सूर खटकतो, तो गाणाऱ्यांचा चुकला की छापणाऱ्याचा, असं तुम्ही विचारलंय. कुणाचाच चुकलेला नाही. मी इंग्लंडमध्ये एका हौशी क्वायरमध्ये (गायकवृंदात) बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गातो. तो सूर आमच्याच वाट्याला येतो.

रचनेचा मूळ स्वर सा धरा. 'आवे' म्हणताना सगळ्यात वरचा आवाज शुद्ध निषादावर येतो. शुद्ध निषाद लागला की कान षड्जाची वाट बघू लागतो. नेमक्या त्याच वेळी, 'वेरुम'च्या पहिल्याच अक्षरावर, बेस कोमल निषाद लावतो. देस रागातही दोन्ही निषाद आहेत, पण चढताना शुद्ध, उतरताना कोमल, आणि गळा एकच. इथे एका गळ्यातला शुद्ध निषाद कानात रेंगाळत असतानाच दुसऱ्या गळ्यातून कोमल येतो. याला फॉल्स रिलेशन म्हणतात. त्या काळच्या इंग्रज संगीतकारांना ही जागा फार प्रिय होती.

पण बर्डनं ती याच शब्दावर ठेवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. लॅटिनमध्ये 'वेरुम' म्हणजे खरं. कुमारी मारियेपासून जन्मलेल्या खऱ्या देहा, तुला वंदन, असे ते शब्द आहेत. मिस्सा या कॅथलिक उपासनेतली भाकर हा ख्रिस्ताचा खरोखरचा देह, ही कॅथलिकांची श्रद्धा. आणि बर्डच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये मिस्सा बेकायदा होता. परदेशात दीक्षा घेतलेला धर्मगुरू देशात सापडला, तर 1585 च्या कायद्यानं तो देशद्रोही ठरे. बर्ड पक्का कॅथलिक, आणि तरीही राणी एलिझाबेथच्या चॅपल रॉयलमधला, म्हणजे राजदरबारच्या प्रार्थनेच्या गायकवृंदातला, मानाचा संगीतकार. प्रोटेस्टंट चर्चला जात नाही म्हणून घरच्यांसकट खटल्यांना तोंड देत राहिला. 1593 च्या सुमारास तो एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी गावी राहायला गेला. जवळच इंगेटस्टोनला त्याचे आश्रयदाते पीटर यांचा वाडा आहे. धर्मगुरूंना लपवायच्या चोरखोल्या तिथे आजही बघायला मिळतात.

हे मोटेट (लॅटिन धार्मिक शब्दांवरची, अनेक आवाजांची रचना) 1605 च्या 'ग्रादुआलिया' या संग्रहात छापलं गेलं. तेव्हा गादीवर पहिला जेम्स होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसद उडवून देण्याचा कॅथलिकांचा कट उघडकीला आला, आणि या संग्रहाच्या प्रती जवळ बाळगल्या म्हणून एका फ्रेंच माणसाला अटक झाली. गाण्याच्या वह्यांसाठी! अशा दिवसांत 'खरा' या शब्दावर कान टवकारायला लावणारा सूर ठेवणं मला निव्वळ सजावट वाटत नाही.

म्हणून आमच्या तालमीत कुणी तो कोमल निषाद दबकत लावला, तर मला वाईट वाटतं. तो ठाम लागायला हवा.

याच शब्दांना मोझार्टनं 1791 मध्ये दिलेली चाल जास्त प्रसिद्ध आहे, तीही सुंदर आहे, पण तिचं जग वेगळं. बर्डची रचना शक्यतो प्रत्येक आवाजाला एकच गायक असलेल्या ध्वनिमुद्रणात ऐका. चारच आवाज, चारेक मिनिटं, बंद दाराआडच्या खोलीत मावेल एवढं गाणं. शेवटी 'मिसेरेरे मेई', माझ्यावर दया कर, ही विनवणी एका गळ्यातून दुसऱ्यात जात राहते. 'ओ दुल्चिस' (हे मधुर) पासूनचा तो सगळा भाग बर्ड पुन्हा एकदा गायला लावतो, आणि मगच 'आमेन' येतं.