शेताच्या कडेने वारा अडवायला झाडं लावली तर ती पिकाचं पाणी ओढून घेतात का?

घेतात, पण लगतच्या पट्ट्यात. कोरडवाहू रान, तोकडा पाऊस, उन्हाळ्यात उडणारी माती आणि झाडं लावण्यावरून भावाशी वाद, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ बोलतोय ते झाडांजवळच्या रानाबद्दल, तुम्ही बोलताय ते पलीकडच्या. दोघंही बरोबर आहात.

आमच्या झाडांच्या ओळीलगत ज्वारीचे पहिले काही तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, गुडघ्याच्या वर कधी गेलेच नाहीत. कारण बघायला मी एका हंगामात झाडांपासून चार पावलांवर खड्डा घेतला. वीतभर खालीच मुळ्यांचं जाळं, आणि माती मुठीत दाबली की नुसता भुगा. मग चाळीस पावलांवर तेवढाच खोल खड्डा घेतला. तिथली माती हाताला गार लागली, दाबल्यावर गोळा धरला. पहिल्या खड्ड्यापाशी दिसला तो झाडांचा वसवा, म्हणजे झाडांमुळे लगतचं पीक खुंटणं, तो नाकारण्यात अर्थ नाही.

आता हिशेब झाडाच्या उंचीवर करा. वसवा साधारण उंचीच्या एक ते दीडपट अंतरापर्यंत जाणवतो. आडोसा चांगला मिळतो तो उंचीच्या दहापटीपर्यंत, आणि कमी होत होत वीसपटीपर्यंत. म्हणजे झाडं 8 मीटरची असतील तर 8 ते 12 मीटरचा पट्टा मार खाणार आणि त्यापुढे 80 मीटरपर्यंतच्या रानाला चांगला फायदा. शेत अरुंद असेल तर मात्र हा हिशेब उलटा पडतो. तिथे मी लावणार नाही.

मातीचा फायदा मला पाण्यापेक्षाही मोठा वाटतो. वाऱ्याची माती वाहून नेण्याची ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर ती आठव्या हिश्श्यावर येते, आणि फार मंद वारा तर कण उचलतच नाही. शिवाय जाते ती सगळी सारखी माती नव्हे. जाड वाळू जमिनीलगत उड्या मारत जवळच पडते. बारीक कण आणि कुजलेला पालापाचोळा मात्र धुळीबरोबर लांब जातात, आणि ओल धरून ठेवतात ते हेच. त्यामुळे माती उडाली की पुढच्या पावसाचं पाणी धरायची ताकदही गेली.

पाण्याचं थोडं गुंतागुंतीचं आहे. आडोशाला बाष्पीभवन कमी होतं, कोरड्या गरम वाऱ्यात पिकाची पानं मिटत-सुकत नाहीत. पण पीक जोमाने वाढलं की तेच जास्त पाणी पितं, म्हणून हंगामाच्या शेवटी जमिनीत ओल जास्त दिसेलच असं नाही. फरक बघायचा तो त्याच पावसात किती कणसं भरली यात.

लोक चुकतात ते दाटीत. भिंतीसारखी गच्च ओळ लावली की वारा वरून उडी मारून मागे लगेच भोवरे घालत खाली येतो. साधारण निम्मा वारा झिरपू देणारी ओळ लांबवर काम करते. आणि मध्ये फट ठेवू नका! गाडीवाटेसाठी सोडलेल्या जागेतून वारा मोकळ्या रानापेक्षाही जोरात घुसतो. वाट हवीच असेल तर तिरपी काढा.

अमेरिकेत धुळीच्या वादळांनंतर 1934 ते 1942 या काळात उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत असे पट्टे लावले गेले, 20 कोटींहून जास्त झाडं. पुढे त्यातले बरेच तोडले गेले, काही तर फिरत्या तुषार यंत्रांना अडथळा होतात म्हणून. तुषारला पाणी असलेल्याची गोष्ट वेगळी, तुमचं रान कोरडवाहू.

वसवा कमी करायला पिकाच्या बाजूने हाताभराहून थोडा खोल चर मारून मुळ्या तोडता येतात. दर काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो, आणि एका वेळी एकाच बाजूने, नाहीतर पहिल्या वादळात झाडं आडवी होतील. खोडाला अगदी खेटूनही नको. आम्ही हे केलं, त्या कडेची ज्वारी कमरेला लागली. खांद्याला अजून नाही.

तुमच्याकडे माती उडवणारा वारा कोणत्या दिशेचा, ते लिहिलं नाहीत. ओळ त्याला आडवी हवी, बांध कसाही असो.