टर्बो पेट्रोल घेतोयस? आधी चढावर चालवून बघ

शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, तेवढ्यावर बुकिंग करू नकोस. घरची चार माणसं बसव, एसी लाव आणि गाडी चढावर ने. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, गुण तिथेच कळतो. स्कोडा कुशाकचं ९९९ सीसीचं टर्बो इंजिन आणि ह्युंदाई क्रेटाचं बिनटर्बोचं १.५ लिटरचं, दोन्हींची ताकद ११५ पीएसच. पण कुशाकला १७८ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १७५० आरपीएमपासूनच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो. क्रेटाला १४४, तोही ४५०० ला. म्हणून खंबाटकी घाटात भरलेली टर्बो गाडी फारशी न ओरडता चढून जाते.

मात्र दीड हजार आरपीएमच्या खाली ती मरगळलेली असते. स्पीडब्रेकरनंतर दुसरा गिअर टाकायचा कंटाळा केलास की गचके देणारच. मॅन्युअल गिअरची घेणार असशील तर हाताला ही सवय लाव.

मायलेज सगळं पायावर. माझी गाडी हायवेला शांतपणे नव्वदने चालवली की १७ देते, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये १० वर येते.

ऑइलमध्ये काटकसर अजिबात नको. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याच्या बेअरिंगला जपतं ते इंजिन ऑइलच. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच भर, ऑइल बदलायची मुदत टाळू नकोस. घाट चढून लगेच धाब्यावर थांबलास तर मिनिटभर इंजिन चालू राहू दे, मग बंद कर.

आणि रोजची फेरी गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरची असेल, तर साधं पेट्रोल इंजिनच घे.